बिराजदारचं बंदर

मल्लिनाथ बिराजदारला समुद्र आवडत नसे. खाऱ्या वाऱ्यानं अंग चिकट होतं, माशांच्या वासानं घास घशाखाली उतरत नाही, आणि "एवढं पाणी हाय, पण ज्वारीला काय उपयोग त्याचा?" हे त्याचं समुद्राबद्दलचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. मला मात्र समुद्र लहानपणापासून आवडतो. शाळेत असताना जहाजांची चित्रं कापून मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचो. मर्चंट नेव्हीत जायचं पक्कं ठरवलं होतं. डोळ्यांवर जाड भिंगं आली आणि ते राहून गेलं. तरी समुद्राकडे गेला तो. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मोठ्या बंदरातला धूर कमी करणारा माणूस म्हणून आज तिथले लोक ज्याचं नाव घेतात, तो सोलापूरजवळच्या कुंभारीचा, पोहता न येणारा, घरी कानडी बोलणारा आमचा मल्लिनाथ. त्याला वारून वर्ष उलटलं. मला हे अजून पचलेलं नाही.

आम्ही कॉलेजात एका बाकावर होतो. मार्क मला जास्त असत. हे मी आजही सांगतो आणि ऐकणारा "हो का" म्हणून विषय बदलतो. विद्युत यंत्रांच्या पेपरात तो एकदा नापास झाला होता आणि मीच त्याला तो विषय शिकवून पास केलं. पुढं दोघांनी मिळून भवानी पेठेत जनरेटरचं दुकान काढलं. भारनियमनाचे दिवस होते. यंत्रमागवाले, डॉक्टर, पिठाच्या गिरण्या, सगळ्यांना जनरेटर लागायचा. मी काउंटर सांभाळायचो, मल्लिनाथ दुरुस्ती बघायचा. उंच, किडकिडीत, कपाळावर विभूती, खिशात टेस्टर. चालू मशीनला तो उलट्या हातानं स्पर्श करायचा, पोराचा ताप बघावा तसा.

दुकान जनरेटरचं, पण त्याला एक गोष्ट सहन व्हायची नाही, ती म्हणजे विनाकारण चालू असलेलं इंजिन. असं काही दिसलं की तो "साकु" म्हणायचा. कानडीत साकु म्हणजे पुरे. लाइट आल्यावरही शेजारच्या दुकानात जनरेटर धडधडत राहिला की आमच्या पायरीवरून तो ओरडायचा, "साकु की! लाइट आली, बंद करा की आता!"

एकदा सात रस्ता चौकाजवळ एक मोठी गाडी उभी होती. आत एकच माणूस, काचा बंद, एसी चालू, मोबाइलवर बोलणं चाललेलं. आम्ही पलीकडे चहा घेत होतो. मल्लिनाथनं कप ठेवला आणि जाऊन काचेवर टकटक केलं. मी तोंड फिरवून मी याच्याबरोबर नाहीच असं दाखवायला लागलो. त्या माणसानं काच खाली केली.

"काय पायजे?"

"इंजिन बंद करा की. कवापासनं उभे हाय तुमी."

"गाडी तुझ्या बापाची हाय काय?"

"गाडी तुमची हाय की," मल्लिनाथ शांतपणे म्हणाला, "पण नाक माझं हाय."

त्या माणसाला हसू आलं. त्यानं इंजिन बंद केलं. मी हा प्रसंग घरी रागानं सांगितला, आणि माझी बायको इतकी हसली की तिच्या हातातलं लाटणं खाली पडलं. ते वाक्य आमच्या घरात कायमचं राहिलं. मुलगी मुक्ता तेव्हा शाळेत होती. मी घरात तंबाखूची डबी काढली की ती म्हणायची, "तोंड तुमचं हाय की बाबा, पण नाक माझं हाय." माझी इतक्या वर्षांतली एकही कोटी माझ्या घरात कुणाला पाठ नाही.

गिऱ्हाइकांचंही तेच. एक मंगल कार्यालयाचे मालक सगळ्यांत मोठा जनरेटर घ्यायला आले. मी माहितीपत्रक उलगडून बसलो होतो, मालक जवळजवळ तयार झाले होते. तेवढ्यात हात पुसत मल्लिनाथ बाहेर आला.

"हालमधी एसी हाय का?"

"न्हाय."

"लिफ्ट?"

"न्हाय."

"मग एवढा राक्षस कशाला पाळताय? त्यो रोज खाणार की तुमचं डिझेल."

ते छोटं मशीन घेऊन गेले. मी मल्लिनाथशी दोन दिवस बोललो नाही. पण पुढं त्यांनी ओळखीतल्या प्रत्येक कार्यालयवाल्याला आमच्याकडे पाठवलं, आणि येणारा प्रत्येकजण दारातच विचारायचा, "ते उंच साहेब कुटं हायत?" मी म्हणायचो, "मीही आहे, बोला ना." "न्हाय, येऊ की मागनं." माझ्या दुकानात मी कायम दुसरा साहेब होतो.

पुढं भारनियमन ओसरलं. घरोघरी इन्व्हर्टर आले आणि आमची मशीनं धूळ खात पडली. तेव्हा कॉलेजातल्या एका मित्राचा फोन आला. त्याच्याकडे बंदरातल्या क्रेनच्या देखभालीचं कंत्राट होतं. कंटेनर उचलणाऱ्या त्या क्रेनवर डिझेल इंजिनं असतात. ती बघायला माणसं हवी होती. आम्ही दोघे गेलो. मी त्या दिवसासाठी नवीन शर्ट शिवला होता. मल्लिनाथनं पिशवी भरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली होती.

धक्क्यावर मी पहिल्यांदा उभा राहिलो. लहानपणी कपाटाच्या दारावर बघितलेलं जहाज समोर उभं होतं, चार मजली चाळीहून उंच. मी मान वर करून बघत होतो. मल्लिनाथही वर बघत होता, पण जहाजाकडे नाही. धुराड्याकडे.

"जहाज बांधलंय न्हवं?" त्यानं मित्राला विचारलं.

"हो, बांधलंय. माल उतरेपर्यंत हलणार नाही."

"मग इंजिन कशाला चालू?"

"अरे, आत दिवे आहेत, पंप आहेत, स्वयंपाकघर आहे, थंड ठेवायचे कंटेनर आहेत. वीज लागते. मोठं इंजिन बंदच आहे, हे जनरेटर चाललेत."

"म्हणजे हितंबी जनरेटरच," मल्लिनाथ म्हणाला. "किनाऱ्यावर लाइट हाय की. वायर द्या की त्याला."

मित्र हसला. क्रेनवाला हसला. मीही हसलो. भिंतीपलीकडेच गोदी कामगारांची वस्ती होती. वाऱ्याबरोबर धूर तिकडेच चालला होता आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळीचे बारीक ठिपके दिसत होते. ते ठिपके मला दाखवले मल्लिनाथनं. मी जहाज बघत होतो.

विश्रामगृहात जेवताना मी त्याला समजावून सांगितलं. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनं; बऱ्याच जहाजांवरची साठ सायकलची. नुसती वायर जोडली तर जहाजावरच्या मोटारी बिघडतील. मीठ आणि लोणच्याच्या बरण्या समोर मांडून मी सगळं उलगडून दाखवलं, कॉलेजात दाखवायचो तसं. तो भाकरी मोडत ऐकत होता.

"पन्नासचं साठ करायचं मशीन मिळत न्हाय का?"

"मिळतं. बाहेरच्या देशांत काही बंदरांत बसवलंय. पण जहाजावर सोय पाहिजे, किनाऱ्यावर पाहिजे, बंदराच्या साहेबांना पटलं पाहिजे. एवढं कोण करणार?"

एखाद्या गोष्टीचा विषय संपला की मी "कोण करणार" म्हणतो. मल्लिनाथला तो खराच प्रश्न वाटला. तो तिथंच राहिला. दुकान कुणीतरी बघायला हवं म्हणून मी परत आलो. मला कुणी परत जा म्हणालं नव्हतं, हे लक्षात आलं ते सोलापूर स्टेशनवर उतरल्यावर.

त्यानं मोठ्या जहाजाला हात घातला नाही. आधी बंदराच्या दारात रांगेत उभ्या ट्रकांचं बघितलं. आत बोलावणं येईपर्यंत तासन्‌तास इंजिनं चालू ठेवून ट्रक उभे असायचे. त्यानं ज्याची पाळी त्यालाच मोबाइलवर बोलावण्याची पद्धत सुरू करायला लावली, बाकीच्यांना सावलीत उभं राहायची जागा मिळवून दिली. मग तो टग बोटींकडे वळला. मोठी जहाजं आतबाहेर ओढणाऱ्या या छोट्या बोटी काम नसेल तेव्हा धक्क्याला बांधून असतात, आणि पंख्या-दिव्यासाठी त्यांचा जनरेटर दिवसभर चालतो. त्यांची वीज पन्नास सायकलचीच, त्यांना नुसती वायर पुरण्यासारखी होती. पण एका टगचा म्हातारा मास्टर, म्हणजे कप्तान, ऐकेना. किनाऱ्याच्या विजेचा भरवसा नाही म्हणायचा. मल्लिनाथनं त्याला प्रदूषण वगैरे काही सांगितलं नाही. म्हणाला, "मास्टर, जनरेटर बंद ठेवून दुपारची एक झोप घेऊन बघा की."

मास्टर आणि त्याची माणसं त्या दिवशी जेवून जी आडवी झाली ती संध्याकाळी उठली. त्या बोटीवर इतकी वर्षं कुणाला शांत झोप माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी बाकीच्या टगवाल्यांनी मल्लिनाथला गाठलं, "आम्हाला कधी देता वायर?"

हे मला मल्लिनाथनं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "छान." फोन ठेवला आणि बायकोला म्हणालो, "झोपेचं आमिष दाखवून वायर विकली त्यानं." ती म्हणाली, "तुम्हाला सुचलं असतं का?"

सोलापुरातल्या आम्हा इंजिनियर लोकांच्या मंडळानं त्याचा सत्कार ठेवला. मुक्ता तेव्हा इलेक्ट्रिकल इंजिनियर होऊन घरी आली होती. तिनं दुकान घ्यावं, सोलरचं काम वाढवावं असं माझ्या मनात होतं. दुकानाची नवी पाटीही मी डोळ्यांसमोर रंगवून ठेवली होती. मी तिला सत्काराला घेऊन गेलो. मल्लिनाथला शाल दिली, श्रीफळ दिलं. तो आखडून उभा होता. कौतुकाची भाषणं झाली आणि कुणीतरी विचारलं, काही प्रश्न? मी उभा राहिलो.

"बंदरातला धूर कमी झाला, अभिनंदन. पण बंदराला वीज येते कुठून? आपल्याकडे दक्षिणेला वीजकेंद्राची चिमणी दिसते ना, तिथं कोळसाच जळतो. मग धूर गेला कुठं? समुद्रावरून उचलून सोलापुरात आणून सोडला, एवढंच ना?"

पुढच्या रांगेतले लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मला बरं वाटलं. प्रश्न बिनतोड होता आणि तो मला सुचला होता.

मल्लिनाथनं माइक जवळ घेतला. "कुलकर्णी कॉलेजपासनं माझ्यापेक्षा हुशार. त्यो बोलला ते खरं हाय. एका हमालाच्या डोक्यावरचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं तर काम झालं म्हणता येत न्हाय. बंदरात गोदामांची छपरं रिकामी पडल्यात. त्याच्यावर ऊन फुकट चाललंय. आता पैलं ते बघतो. आणि हे मला कुलकर्णीनं सांगितलं, हेबी तितं सांगतो."

टाळ्या पडल्या. प्रश्न माझा, टाळ्या त्याला.  दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देता देता मुक्ता म्हणाली, "बाबा, मी मल्लूकाकांकडे जाते. छपरांवर सोलर बसवायला त्यांना माणूस हवाय. कालच विचारलं मी त्यांना."

"दुकानात सोलरचंच काम आहे."

"आहे. पण काल तुम्ही प्रश्न विचारून खाली बसलात बाबा. काका उभेच होते."

ती गेली. मल्लिनाथ तिला कानडी वळणानं मुक्तव्वा म्हणायचा. तिची मापं, तिचे नकाशे, तिचं उन्हात छपरावर चढणं, सगळं तो मला फोन करून सांगायचा. माझी मुलगी कशी आहे हे मला मल्लिनाथ बिराजदारकडून कळायचं. छपरांवर पॅनेल बसली. बंदराची विजेची सगळी गरज त्यावर भागत नव्हती, पण दिवसा टग बोटींना पुरून थोडी उरायची. मग त्यानं साहेबांच्या मागं लागून लागून पन्नासचं साठ करणारं यंत्र एका धक्क्यावर बसवून घेतलं.

पहिलं मोठं जहाज जोडलं आणि घात झाला. जहाजाचा भार किनाऱ्याच्या विजेवर घेताना यंत्रणा बंद पडली आणि सबंध जहाज अंधारात गेलं. थंड कंटेनर बंद, पंप बंद. जहाजाचा चीफ इंजिनियर जिन्यावर येऊन ओरडायला लागला. बंदराच्या वरिष्ठांनी सांगितलं, हा खेळ बंद करा. सगळ्यांसमोर मल्लिनाथला वेड्यात काढलं गेलं. तो खाली मान घालून जहाजावर चढला आणि चीफची माफी मागितली. चीफनं रागारागात त्याला जेवायला बसवलं. ताटात मासे होते. मल्लिनाथ नुसता भात चिवडत बसला आणि विचारत राहिला, तुम्हाला भीती कशाकशाची वाटते ते सगळं सांगा की. चीफनं जे सांगितलं त्यावर मल्लिनाथ आणि मुक्ता काही महिने बसले. आधी जहाजाचा जनरेटर आणि किनाऱ्याची वीज थोडा वेळ बरोबर चालवायची, भार हळूहळू सरकवायचा, आणि मगच जनरेटर थांबवायचा. जोडणीतली एक चूक मुक्तालाच सापडली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या महिन्यांत दोघांपैकी कुणीही मला फोन केला नव्हता. मी मुक्ताला विचारलं, "मला का नाही विचारलंस? मला येतं ते."

"माहितेय बाबा. पण तुम्ही आधी 'मी तेव्हाच सांगितलं होतं' म्हणाला असता. काका तेव्हा जेवत नव्हते. त्यांना ते ऐकवलं नसतं मला."

दुसऱ्या वेळी मल्लिनाथनं मला बोलावून घेतलं. तोच चीफ, तेच जहाज. सकाळची वेळ होती. मांडीएवढी जाड केबल धक्क्यावरून जहाजात गेली होती. विजेच्या खोलीत मुक्ता पॅनेलसमोर उभी होती. मल्लिनाथनं बटणाचं काम तिच्याकडेच दिलं होतं. मी मागं, डोक्याला मोठं होणारं हेल्मेट सावरत. वायरलेसवर चीफचा आवाज येत होता. काटे सरकले. थोडं थांबून मुक्तानं वायरलेसवर सांगितलं, "भार पूर्ण आमच्याकडे. तुमचा जनरेटर थांबवा."

आम्ही बाहेर आलो. धुराड्यातून येणारा धूर पातळ होत गेला आणि थांबला. आवाजही थांबला. जहाजावरचे दिवे तसेच होते. धक्क्याच्या खांबांवर पाणी आपटत होतं ते ऐकू यायला लागलं, कँटीनमधली भांडी ऐकू यायला लागली. चीफ कठड्याशी आला आणि त्यानं दोन्ही हात वर केले. मुक्ता वळली. तिचे डोळे भरले होते. मी तिच्यापासून दोन हातांवर होतो. तिची नजर माझ्यावरून पुढं सरकून मल्लिनाथला शोधत गेली.

आणि तो माझ्याकडे बघत होता. "बघ की कुलकर्णी," तो म्हणाला, "तुझं साठ सायकल."

त्यानं मला मिठीच मारली. मीही त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या घामट मिठीत मला जे वाटत होतं तो अभिमान नव्हता. त्यानं निदान श्रेय तरी एकट्यानं घ्यायचं होतं. मग मला त्याच्यावर नीट रागावता आलं असतं.

पुढं फार दिवस गेले नाहीत. बंदरातच त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. त्यानं लग्न केलं नव्हतं. भावानं त्याला कुंभारीला आणलं. मुक्ता सुट्टी मिळाली की यायची, आणि स्टेशनवरून आधी कुंभारीला जायची, मग घरी. बायको म्हणायची, आजारी माणूस आहे, जाऊ दे तिला. मी जाऊ देत होतो. रोखून धरता येईल असं माझ्या हातात काय होतं?

एकदा मी तिच्याबरोबर गेलो. हिवाळ्याची दुपार, ज्वारी कणसात आलेली. भावाच्या घरापुढं बाजेवर मल्लिनाथ भिंतीला टेकून बसला होता, अंगावर चादर. तो फार बारीक झाला होता. मला बघून त्यानं डावा हात उचलला. दुसऱ्या धक्क्यावरही किनाऱ्याची वीज द्यायची ठरली होती, ते मुक्ता त्याला सांगायला लागली. तो एकेक शब्द ओढत प्रश्न विचारत होता आणि तिला ते अर्ध्यातच कळत होते. मला पूर्ण ऐकूनही कळत नव्हते. त्याच्या वहिनींनी आत बोलावलं म्हणून मी चहा आणायला गेलो.

कपांचा ट्रे घेऊन उंबऱ्याशी आलो तेव्हा मुक्ता बाजेवर त्याच्या शेजारी बसून त्याच्यासाठी दुधात भाकरी कुस्करत होती. बारीक, अगदी बारीक, बोटांनी. घास त्याच्या तोंडाशी नेऊन ती वाट बघत थांबायची. माझ्यासाठी तिनं असं कधी केलं नव्हतं. तशी वेळ माझ्यावर आलेली नाही, हे मला त्या क्षणी सुचलं नाही.

मल्लिनाथचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यानं घास गिळला, कष्टानं थोडा सरकला आणि आपल्या पलीकडची बाज डाव्या हातानं थोपटली, बस म्हणून. तिकडे मोकळी जागा होती, दोन माणसं बसतील एवढी. मी ट्रे खाली ठेवला आणि दोघांच्या मधे जाऊन बसलो.